नाकावर टिच्चून अकरा अंडी

माझ्या साडूवर मी वर्षभर डूख धरून होतो, हे आधीच सांगून टाकतो. लोक अशा गोष्टी लपवतात, सांगायची वेळ आली की ‘थोडा गैरसमज झाला होता’ म्हणतात. माझा कसलाही गैरसमज नव्हता. मला त्याचं नाक कापायचं होतं, तेही चारचौघांत, आणि नागपूरच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या आगीच्या नऊ दिवसांत. दुसऱ्या कुठल्याही दिवसांत कापलेलं मला चाललं नसतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जरीपटक्याला त्याचं कूलर बनवायचं वर्कशॉप आहे. पत्रा कापायचा, वाकवायचा, रंग मारायचा, आत मोटर आणि पंखा बसवायचा, की झाला कूलर. होळीपासून जूनपर्यंत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पावसाळ्यापासून पुढं हातावर हात ठेवून बसावं लागतं. त्या रिकाम्या दिवसांत तो उरलेल्या पत्र्यांतून अंडी उबवायच्या मशिनी बनवायला लागला. मी जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलेला माणूस. माझ्या हातून कागदाशिवाय काही तयार झालं नाही, हे तो मला दर सणावाराला ऐकवायचा. सासरी दोन जावई असले की तराजू कायम टांगलेला असतो, आणि आमच्या तराजूत त्याचं पारडं आवाज करत खाली जायचं.

आता मायचं सांगतो. सावनेरजवळच्या आमच्या गावात माय एकटी राहायची. गुडघे गेले तेव्हा मी तिला नागपूरला घेऊन आलो. ती आली ती तीन कोंबड्या आणि एक कोंबडा टोपलीत घालूनच. काळ्याभोर कोंबड्या, मानेवर तांबूस झाक, नखंसुद्धा काळी. तिच्या आईनं तिला लग्नानंतर पहिल्या माहेरपणाला दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या, दिल्या होत्या, त्यांचाच हा वंश. मायनं बाहेरचं रक्त कधी मिसळू दिलं नव्हतं. गावात बाकीच्या कोंबड्या मानमोडीच्या साथीनं मेल्या. राहिल्या त्या ह्या एवढ्याच. आमच्या घराच्या मागच्या अंगणात तिनं त्यांना ठेवलं आणि त्या खुडूक होऊन अंड्यांवर बसायची वाट पाहू लागली. शहरात आल्यावर त्यांचं काय बिनसलं कोण जाणे, अंडी द्यायच्या पण एकही खुडूक बसेना. कोंबड्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. त्यांच्यामागं पिल्लं नाही राहिली तर वंश संपला, एवढा सरळ हिशेब होता. माय तो रोज संध्याकाळी बोलून दाखवायची.

तेव्हा साडू एक मशीन घेऊन आला. भेट म्हणून आणली, हे विशेष. भेट दिलेल्या वस्तूची पुढं तक्रार करता येत नाही, ही अक्कल त्याला नक्की असणार.

“मायबाई, बारा महिने चालते ही मशीन,” तो म्हणाला. “अंडे ठेवा अन् विसरून जा. एकविसाव्या दिवशी चिवचिव सुरू.”

एप्रिलच्या शेवटी आम्ही चौदा अंडी ठेवली. माय पेन्सिलनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलेली अंडी दिवसातून तीनदा उलटी-पालटी करायची. सातव्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं तर बारा अंड्यांत लाल शिरा दिसत होत्या. मायनं माझा हात धरला होता. मग मे महिना खऱ्या अर्थानं सुरू झाला. आमची ती खोली पश्चिमेची. दुपारी खोलीतच त्रेचाळीस. मशीनला गरम करता येत होतं, थंड करता येत नव्हतं. बल्ब बंद होऊनही आतला आकडा एक्केचाळीसच्या खाली येईना. मी घाबरून साडूला फोन लावला.

“काही नाही होत,” तो म्हणाला. “दार थोडं उघडं ठेवा.”

मी दार थोडं उघडं ठेवलं. बाविसाव्या दिवसापर्यंत काही हललं नाही. मी एकेक अंडं बशीत फोडलं. माय शेजारी बसली होती. बारापैकी बारांमध्ये बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती, डोळे काळे झालेले, आणि सगळी मेलेली.  मायनं ती सगळी पदरात घेतली आणि मला अंगणात पेरूच्या झाडाखाली खड्डा करायला लावला.

इथपर्यंतही मी गप्प बसलो असतो. पण आठ दिवसांनी सावनेरला सासरकडचं लग्न होतं. जेवणाच्या टेबलांपाशी वीस-पंचवीस नातेवाईक उभे होते आणि साडू पुलावाचं ताट हातात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“आमच्या साहेबांच्या घरी अंडे उकडायले गॅस नाही लागत. मशीन ठेवली त्याहीनं.”

लोक हसले. माझी बायकोसुद्धा हसली, मग माझ्याकडं पाहून थांबली. मशीन कुणी दिली हे त्यानं सांगितलं नाही. मी म्हटलं, “तुम्हीच तर बारा महिने चालते म्हणाले होते.” तर तो म्हणतो कसा, “काहून गा भाऊ, नागपूरच्या मे महिन्यात कोणी अंडे ठेवते का? मे महिन्यात अंडं निघत नसते, उकडते. हे तर लेकरालेबी माहीत आहे.” पुन्हा हशा. त्या दिवसापासून सासरची पोरं मला उकडे काका म्हणू लागली. दिवाळीच्या फराळाला मला बघून एकानं विचारलं, “काका, चकल्याबी मशीनमध्येच का?” मी घरी येऊन ते तारखेसकट वहीत लिहिलं. आवक-जावकची सवय होती. आलेला प्रत्येक टोमणा मी आवकमध्ये चढवत होतो. जावक एकदाच करायची होती.

हिवाळ्यात माय म्हणाली, “बाबू, आता थंडी हाय. आता ठेव ना अंडे. त्याचीच मशीन लाव, हिवाळ्यात चालते म्हणते ना थो.”

मी नाही म्हटलं. ह्या नाहीचा मला अजून राग येतो, पण तेव्हा ते मला मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. हिवाळ्यात पिल्लं काढली तर त्याचंच म्हणणं खरं ठरणार होतं. मला मे महिन्यातच काढायची होती, त्याच्या नाकावर टिच्चून. मायला सांगितलं, नवी मशीन बनवतो, पक्की, मग ठेवू. ती म्हणाली, “कोंबड्या थांबतीन का तुह्या मशीनसाठी?” त्या हिवाळ्यात तिघींपैकी एक मेली. तरी मी हट्ट सोडला नाही.

मशीन मात्र मी खरंच मन लावून बनवली. त्याबद्दल कुणी मला बोल लावू नये. कबाड्याकडून बंद पडलेल्या फ्रीजची पेटी आणली. फ्रीजच्या भिंतीत जाड अस्तर असतं, आतली ऊब बाहेर जात नाही आणि बाहेरची आग आत येत नाही. साडूचा पत्र्याचा डबा उन्हात तव्यासारखा तापायचा, त्याची खरी खोट ती होती, हे मला दोन महिने वाचून, विचारून कळलं. दुसरी खोट ही की त्याच्या मशीनला फक्त एक थर्मोस्टॅट होता. तो तापमान कमी झालं की बल्ब लावायचा आणि जास्त झालं की हात वर करायचा. मी दोन बसवले. एक बल्ब लावणारा, आणि दुसरा साडेसदतीसच्या वर आकडा गेला की एक छोटा पंखा चालू करून कूलरची गार हवा आत ओढणारा. कॉम्प्युटरचे दोन पंखे सीताबर्डीतून आणले. तापणारे जुने पिवळे बल्ब मिळेनात, तर मोदी नंबर एक, दोन, तीन अशा बर्डीच्या गल्ल्यांतली सगळी दुकानं पालथी घातली. लाइट गेली तर इन्व्हर्टर. तापमान मोजायला एक सोडून तीन थर्मामीटर, त्यातला एक तापाचा, कारण मला कुणाच्याच आकड्यावर भरवसा राहिला नव्हता. एकाला ओल्या सुती कापडाची वात गुंडाळली, तिच्यावरून आतला ओलावा कळतो.

घरातला एकुलता एक कूलर मी मशीनच्या खोलीत हलवला. बायको आणि माय हॉलमध्ये नुसत्या पंख्याखाली झोपू लागल्या.

“राग माह्या बहिणीच्या नवऱ्याचा,” बायको म्हणाली, “अन् घामानं मरून राहिलो आम्ही.”

मी म्हटलं, एकवीस दिवसांचा प्रश्न आहे.

अंडी ठेवायचा दिवस मी कॅलेंडर समोर ठेवून काढला. एकविसावा दिवस बरोबर नवतप्यात पडला पाहिजे, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा डांबर बुटाला चिकटतं आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दोन कोंबड्यांची बारा दिवसांची अंडी जमवली, अकरा भरली. मायनं प्रत्येक अंडं कपाळाला लावून ट्रेमध्ये ठेवलं. तिचे ओठ हलत होते. मी मात्र साडूचा चेहरा डोळ्यांसमोर आणत होतो.

आणि मशीन चालली. बाहेर पंचेचाळीस आणि आत साडेसदतीस, दिवसामागून दिवस. सातव्या दिवशी टॉर्च लावला तर अकराच्या अकरा अंड्यांत शिरा. चौदाव्या दिवशी आतली सावली हलताना दिसली. माय पंख्याखालचा घाम विसरली. ती मशीनशेजारी स्टूल टाकून बसायची आणि बायकोला सांगायची, “पाहा वं, अकराच्या अकरा जित्ते हायेत.” कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं. अठराव्या दिवशी अंडी पालटायची थांबवली, पाण्याच्या वाट्या वाढवल्या, आणि मीच वहीत लाल शाईनं लिहिलं: आता दार उघडायचं नाही. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लू टरफल फोडतं तेव्हा आतलं पातळ कातडं ओलं राहावं लागतं. सुकलं की ते पिल्लाला गुंडाळून टाकतं. हे मला माहीत होतं. मी स्वतः लिहिलं होतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी दोन पिल्लं बाहेर आली होती, वाळून गोल गुबगुबीत झालेली. उरलेल्या नऊंच्या नऊ अंड्यांना तडे गेले होते, बारीक चोची दिसत होत्या, चिवचिव ऐकू येत होती. मी साडूला फोन केला. म्हटलं, आमच्या मेहुणीबाईंना घेऊन या, चहाला या. कशासाठी ते सांगितलं नाही.

तो अकरा वाजता आला. कूलरच्या घरघरीत माझं बोलणं नीट ऐकू जाणार नाही, म्हणून मी कूलर बंद केला. मशीनच्या खोलीत चौघं-पाचजण मावणार नाहीत, म्हणून ट्रे बाहेर काढला आणि हॉलमधल्या टेबलावर ठेवला. पिल्लं चिवचिवत होती. खिडकीतून लू, दुपारचा तो भाजणारा वारा, येत होती. मी वही उघडली.

“मेची अठ्ठावीस तारीख, सावनेर, लग्नमंडप,” मी वाचायला लागलो. “‘आमच्या साहेबांच्या घरी अंडे उकडायले गॅस नाही लागत.’”

साडू वहीकडं पाहत नव्हता. तो ट्रेकडं पाहत होता.

“आत ठेवा ते आधी,” तो म्हणाला. “साडूभाऊ, ट्रे आत ठेवा, दार लावा. सुकून राहिले ते.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मला वाटलं, बघवत नाही याला. मे महिन्यात जिवंत पिल्लं बघून याचा जळफळाट झाला आहे.

“मागच्या वर्षी दार उघडं ठेवा म्हणाले,” मी म्हटलं, “यंदा लावा म्हणता. तुमचं नेमकं काय ते एकदा ठरवा.”

“ते अलग होतं गा,” तो म्हणाला, “ते चुकलं माह्यं. पण हे आत ठेवा.”

‘चुकलं माह्यं’ हे दोन शब्द ऐकायला मी वर्षभर जळत होतो. आणि ते त्यानं बोललेले मला ऐकूही आले नाहीत. मी पुढचं पान वाचलं. दिवाळी, फराळ, चकल्या. माय खुर्चीवरून म्हणाली, “ठेव बाबू आत.” मी म्हटलं, “दोन मिनिटं माय, होतंच आहे.” मग संक्रांत वाचली. मग होळी. साडू उठून ट्रेला हात लावायला गेला तर मी त्याचा हात बाजूला केला. माझ्या घरात, माझ्या मशीनला हात लावायचा नाही, असं म्हणालो. बायकोची बहीण रडवेली झाली होती. सगळी वही वाचून व्हायला अर्धा तास लागला. अर्धा तास नवतप्याची लू त्या नऊ तड्यांमधून आत गेली.

ट्रे मी आत ठेवला तेव्हा चिवचिव कमी झाली होती. मी कूलर लावला, पाणी शिंपडलं. दुपारपर्यंत तडे होते तेवढेच राहिले. चोची हलायच्या थांबल्या. साडू घरी गेला नाही. त्यानं कोमट पाणी मागितलं, कापूस मागितला, आणि मशीनपुढं मांडी घालून बसला. एकेक अंडं तळहातावर घेऊन वाळलेलं कातडं कापसानं भिजवत राहिला. ते कातडं पिसांना डिंकासारखं चिकटलं होतं. त्यानं एक पिल्लू मोकळं केलं, ते थोडा वेळ त्याच्या हातावर धडपडलं आणि त्यानं मान टाकली. संध्याकाळपर्यंत तो बसला. नऊपैकी एकही वाचलं नाही. मी खुर्चीत बसून त्याच्या घामेजलेल्या पाठीकडं पाहत होतो, आणि मला त्याचा इतका राग येत होता की मागच्या वर्षभरात कधी आला नव्हता. जाताना तो मायच्या पाया पडला. 

जूनमध्ये अंगणात मानमोडी आली. दोन्ही कोंबड्या आणि म्हातारा कोंबडा तीन दिवसांत गेले. त्यांना लस द्यायची होती. मशीनच्या नादात माझ्याकडून राहून गेली होती. घरातल्या खोक्यात ठेवलेली दोन पिल्लं वाचली, कारण त्यांना लसीचे थेंब मी दिले होते. आता सगळी आशा त्या दोघांवर होती. माय रोज त्यांचे तुरे निरखायची. ऑगस्टमध्ये तुरे लाल झाले, मोठे झाले, आणि एका सकाळी दोघंही आरवले. दोन्ही कोंबडेच होते. घरात वंशाचे दोन कोंबडे आणि कोंबडी एकही नाही.

त्या दिवशी माय जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं.

“तुह्या साडूनं चार गावरान कोंबड्या पोसल्या हायेत, वर्कशॉपमांगं,” ती म्हणाली. “हे दोघं त्याले नेऊन दे.”

मी म्हटलं, “माय, त्याच्याकडं? दुसऱ्या कोणालाही देऊ, पाहिजे तर मी आपल्याकडं कोंबड्या आणतो.”

“तू नको आणू,” माय म्हणाली. “त्याले दे. अर्धं रक्त तरी राहीन.”

मी टोपलीला जाळी बांधली आणि स्कूटरवर पायांमध्ये ठेवून जरीपटक्याला गेलो. रस्ताभर मी त्याच्या टोमण्याला द्यायचं उत्तर जुळवत होतो. चार उत्तरं तयार होती, चारही झोंबणारी. साडू पत्रा कापत होता. त्यानं मशीन बंद केली, हात पुसले, जाळी सोडली आणि दोन्ही कोंबडे छातीशी धरून मागच्या वाड्यात नेऊन सोडले. कोंबड्या लगेच त्यांच्याभोवती जमल्या.

“मायले सांगा,” तो म्हणाला, “पयली तलंग निघाली की तिलेच आणून देतो.”

मग त्यानं मला पाणी दिलं, बसा म्हणाला, चहा सांगितला. मी टोमण्याची वाट पाहत चहा पूर्ण प्यायलो. तो मारीचना. एक टोमणा त्यानं मारला असता तर माझं पुढचं वर्ष निघालं असतं.

घरी आलो तर माय दारातच बसली होती.

“घेतले का त्यानं?”

“घेतले,” मी म्हटलं.

“बरं झालं,” माय म्हणाली. “त्याच्या हाताखाली तरी जगतीन.”